रिकामे रणगाडे

बेल्हे
२४ ऑगस्ट २००१

टीनाताई,

काल संवत्सरी झाली. वर्षभरात माझ्याकडून जाणता-अजाणता तुझं मन दुखावलं असेल तर हात जोडून मिच्छामि दुक्कडम्.

रीतीप्रमाणे पत्र इथे संपतं. पप्पांनी पाहुण्यांना आणि व्यापाऱ्यांना पाठवायची कार्डं छापून आणली आहेत, त्यांवर याहून एक ओळ जास्त नाही. पत्ते मीच लिहिले. नगर, शिरूर, लोणी, मंचर, पार राजस्थानपर्यंत. बोरी बुद्रुकचा एकही पत्ता यादीत नव्हता, म्हणून हे पत्र साध्या कागदावर आणि पप्पांना न सांगता.

तुझ्या नावाआधी सौ. लिहिलं होतं, ते खोडलं. तुझं लग्न झाल्याचं मला तुमच्या आळीतल्या झुंबरबाईकडून कळलं. ती सोमवारी बाजार आटोपला की आपल्या दुकानात टेकते, आणि लुगडं घेवो न घेवो, बोरीची बातमी देऊन जाते. सौ. हे पत्रिका आल्यावर लिहायचं असतं अशी माझी समजूत आहे. चुकत असेन तर तेही वरच्या माफीत धर.

इकडे सगळं ठीक आहे. बाईला चष्मा लागला, त्यात ती आपली आई कमी आणि शाळेतली बाई जास्त दिसते. मी अकरावीला कॉमर्स घेतलं. रोज एसटीने आळेफाट्याला जातो, निम्मे दिवस उभ्याने.

कागद बराच उरला आहे, म्हणून गेमबद्दल लिहितो. बाकी कुठल्याही विषयावर लिहायला गेलो की काहीतरी आडवं येतं.

पर्युषणाच्या आठ दिवसांत गेम कपाटात ठेवायचा, ही तू आणि बाईने मिळून काढलेली पद्धत. यंदा ठेवावा लागला नाही. गेल्या वर्षी ठेवला तो बाहेर काढलेलाच नाही.

तुला तो आला तो दिवस आठवतो का? त्र्याण्णवची दिवाळी, मी आठ वर्षांचा. नगरच्या मामांनी आणला. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ गेम असं छापलेलं. पप्पांनी धोतराचं पान तपासावं तशी ती कॅसेट तपासली. टीव्हीसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, एकेक दाखवा. अठराव्यापासून पुन्हा पहिलेच यायला लागले तेव्हा ते मामांकडे बघून हसले. मामांनी चहा संपवायचं निमित्त केलं.

मग सतरांतले कुठले ठेवायचे हा प्रश्न. पप्पांचा एकच नियम होता, ज्यात जीव मरतो तो खेळायचा नाही. बदकांचा पहिल्या झटक्यात गेला आणि त्याच्याबरोबर बंदूकही गेली. ती बाईने चांदीच्या भांड्यांमागे कुलपात ठेवली, अजून तिथेच आहे. माशांचा गेला. कराटेवाला गेला. विमानांचा मी फार रडून मागितला, पण विमान पडलं की आतल्या माणसाचं काय होतं हे मला सांगता येईना. मोटारी राहिल्या, बाईचे ठोकळे राहिले. शेवटी रणगाड्यांचा लागला.

पप्पांनी विचारलं, यात माणूस असतो का आत? तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालीस, "नाही पप्पा, रिकामे असतात. चावीवर चालतात."

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खाली मधोमध विटांच्या आड ते पाखरू होतं. हे कशाला, म्हणाले. तू म्हणालीस, त्याला वाचवायचं, तोच तर गेम आहे. पप्पा म्हणाले, पाखरू वाचवायचं असेल तर खेळा. तेव्हापासून आपल्या घरात त्याला कुणी रणगाड्यांचा गेम म्हटलं नाही, पाखराचाच म्हटलं.

तेरा वर्षांची मुलगी इतक्या सहज खोटं बोलू शकते याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, ते तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

संयम


बेल्हे
१२ सप्टेंबर २००२

टीनाताई,

काल संवत्सरी झाली. माझ्याकडून मन, वचन, काया यांपैकी कशानेही तुला दुखावलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

गेल्या वर्षीच्या पत्राचं उत्तर आलं नाही. आलं असतं तर पोस्टमनने ते दुकानात पप्पांच्या हातात दिलं असतं, तेव्हा आलं नाही हे बरंच झालं म्हणायचं. पत्राच्या शेवटी मी जरा टोचून लिहिलं होतं. ते राहू दे, खोडलेला कागद पाठवणं बरं दिसत नाही.

बाईचे गुडघे दुखतात. पप्पा बरे आहेत. तुझं नाव घरात निघत नाही. निघू द्यायचं नाही असं कुणी सांगितलेलं नाही, पण निघत नाही. एकदाच निघालं. नगरचे मामा आले होते, त्यांनी विषय काढला. पप्पा म्हणाले, लग्न केलं, केलं. मी नाहीच म्हणालो असतो, ते खरं आहे. पण एक शब्द तरी ठेवून जायचा होता. ती शब्द न ठेवता गेली, ते मला लागलं.

मी तेव्हा खालच्या फळीवरचे खण लावत होतो. ते लावत राहिलो.

तर गेम. बाई आणि तिचे ठोकळे तुला आठवत असतीलच. आपल्या दोघांच्या बोटांना घट्टे पडले, पण तिच्याइतके ठोकळे कुणालाही बसवता आले नाहीत. दुकानात तिने कापडाच्या थप्प्या लावलेल्या, कुठल्या फटीत काय बसेल हे तिला न बघता कळायचं. लांबडा ठोकळा येईना झाला की पडद्याला म्हणायची, "दे की रे बाबा लांबडा, कवाधरनं जागा ठेवलीय." आणि तो आला की कुणी पाहुणा वेळेवर जेवायला यावा तसा तिचा चेहरा व्हायचा. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती साडेपाचला उठायची, डाव कितीही रंगलेला असो. रिमोट तसाच जमिनीवर ठेवायची. ठोकळे एकावर एक पडत वर जायचे आणि आपण ते पडताना बघत बसायचो.

पप्पा फक्त एकदा खेळले. तुला टायफॉइड झाला होता, तू आतल्या खोलीत, आणि मला जोडीदार नव्हता. मी भुणभुण लावली तेव्हा त्यांनी दुसरा रिमोट हातात घेतला. त्यांनी आपला रणगाडा नेऊन पाखरासमोर आडवा उभा केला आणि तिथून हलवला नाही. मी ओरडत होतो, पप्पा गोळी मारा, ते बटण दाबा. ते म्हणाले, मी मारत नाही, मी आडवा उभा राहतो. तीन गोळ्यांत त्यांचे तीनही जीव गेले. झालं का, म्हणाले, आणि रिमोट माझ्या हातात देऊन दुकानात गेले.

मी हे आत येऊन तुला सांगितलं होतं. तुला ताप होता तरी तू हसलीस. मग म्हणालीस, पप्पा बरोबर खेळले. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

संयम


बेल्हे
२० सप्टेंबर २००४

सौ. टीनाताई,

मिच्छामि दुक्कडम्.

गेल्या वर्षी परीक्षेमुळे पत्र राहिलं. खरं म्हणजे परीक्षा ऑक्टोबरात होती.

अक्षदा नाव छान आहे. झुंबरबाई सांगून गेली, लई गोरी हाय, आजीवर गेली. कुठल्या आजीवर ते तिने सांगितलं नाही. तुझ्या सासूबाई साळुबाईंना तिने गोरी म्हटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही, तेव्हा बाईवरच गेली असणार. बाईला हे मी सांगितलं. ती पापड लाटत होती. तिने आणखी एक लाटी घेतली, आणि मग उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

सौ. लिहायला लागलो हे तुझ्या लक्षात आलं असेल. मुलगी झाल्यावर पत्रिकेचं अडवून धरणं मलाच बरं वाटेना.

आज आदेशबद्दल लिहिणार आहे. आता ते माझे दाजी, पण तेव्हा आदेशच होता, म्हणून या पत्रापुरतं आदेश.

तो आपल्या घरात आला तो माझ्यामुळे. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात गेमचा अडॉप्टर जळाला. स्टँडजवळच्या सयाजीच्या रेडिओच्या दुकानात मी तो घेऊन गेलो, आणि तिथे बोरीच्या हौशीरामांचा मुलगा काम शिकत होता. त्याने अडॉप्टर उघडला, एक तार डाग देऊन जोडली आणि म्हणाला, चल, तुझ्या टीव्हीला लावून बघू, नाहीतर परत घेऊन येशील. मीच त्याला घरी आणला. पप्पांनी त्याला पाणी दिलं, बाईने चिवडा दिला. बोरीचा पावणा, म्हणून पप्पांनी त्याच्याशी बाजारभावाच्या गप्पाही मारल्या.

त्याने मला कॅसेट उघडायला शिकवलं. मागे चार स्क्रू, आत बोटाएवढी हिरवी पट्टी आणि बाकी सगळी पोकळी. एवढी मोठी डबी आणि आत काहीच नाही, याचं मला फार नवल वाटलं होतं.

मग तो येत राहिला. कधी टीव्हीची चित्रं हलतात म्हणून, कधी रिमोटची वायर तुटते म्हणून. वायर मी तोडत होतो का, असं तू एकदा विचारलं होतंस. पहिल्या दोन वेळा हो. त्यानंतरच्या कुणी तोडल्या ते तुला माहीत.

रिमोट दोनच होते ताई. माणसं तीन झाली.

सुरुवातीला आपण पाळ्या लावल्या. एक डाव तू-मी, एक डाव मी-तो. नंतर तू म्हणालीस, संयम, तू जरा बघ ना, तुला कळेल कुठे चुकतो ते. मी तेरा-चौदा वर्षांचा, भिंतीला टेकून बसायचो आणि बघायचो. आधी पाखराजवळ तू थांबायचीस आणि पुढे मी जायचो. आता तुझ्यासोबत तो पुढे जायला लागला. पाखराजवळ कुणीच नसायचं. मी सांगायचो, घर उघडं पडलंय. तुम्हा दोघांना ऐकू यायचं नाही.

मी तक्रार करत नाहीये. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या गेमची तक्रार कुणी करत नाही. मी फक्त एवढंच सांगतोय, की तू जायच्या आधी बरेच दिवस मी भिंतीला टेकून बसलेलो होतो. त्या वयात माणूस काय करेल याचा भरवसा नसतो.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडणार होतो. राहू दे.

अक्षदाला आशीर्वाद लिहायला मी लहान आहे की मोठा, मामा म्हणून?

संयम


बेल्हे
१८ सप्टेंबर २००७

सौ. टीनाताई,

मिच्छामि दुक्कडम्. एक दिवस उशीर झाला, काल सोमवार होता आणि बाजार मोठा भरला. बैलांना गिऱ्हाईक कमी आणि कापडाला जास्त, असं पहिल्यांदाच पाहिलं.

मी आता पूर्ण वेळ दुकानात असतो. शर्टपीस, साड्या माझ्याकडे, लुगडी आणि धोतरं पप्पांकडे. पुढच्या वर्षी ते बंदच करावं लागेल, नेसणारी माणसं राहिली नाहीत. झुंबरबाई मात्र नेसते.

घरात नवा टीव्ही आला. जुना विकायचा ठरला तेव्हा बाई म्हणाली, गेम त्यालाच लागतो, तो राहू द्या. म्हणून जुना टीव्ही आतल्या खोलीत आहे. त्याला कुणी काही लावत नाही.

मोबाईलवरून फोन करता आला असता. तुमचा नंबर झुंबरबाईच्या मुलाने दिलाय. पण फोनवर तू काहीतरी बोलली असतीस आणि मला ते ऐकावं लागलं असतं. पत्रात ती सोय आहे.

मला मुली बघतायत. मागच्या महिन्यात लोणीचे लोक आले होते. चांगली माणसं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पप्पांना विचारलं, मुलं किती? पप्पा म्हणाले, "एकच. हा."

बाई चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला. मी समोर बसलो होतो, नवा शर्ट घालून. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, आणि ते जगात फक्त माझ्याकडेच होतं, एवढं सांगतो. लोणीचं पुढे जमलं नाही. मीच नाही म्हटलं. मुलीत काही खोट नव्हती.

ताई, तू दर वर्षी माझं पत्र वाचतेस की नाही मला माहीत नाही. मी दर वर्षी मिच्छामि दुक्कडम् लिहितो, त्यात सगळं येतं, जाणतेपणी केलेलं आणि अजाणतेपणी केलेलं. पोत्यात सगळं एकत्र भरून शिवलं की आत काय आहे ते कुणी बघत नाही. मला यंदा पोतं उघडायचं होतं. गिऱ्हाईक आलं आहे.

संयम


बेल्हे
५ सप्टेंबर २००८

सौ. टीनाताई,

यंदा सुरुवात उलटी करतो. मिच्छामि दुक्कडम् शेवटी लिहीन, कशाबद्दल ते सांगून.

तू गेलीस त्या सोमवारी, सकाळी एसटीला जायच्या आधी, मला जिन्यात थांबवलंस. चौकटीच्या वहीतला एक कागद चार घड्या करून माझ्या हातात दिलास. म्हणालीस, संवत्सरीला प्रतिक्रमण झालं की पप्पांना दे, आधी देऊ नको, त्या दिवशी दे. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालीस, घर सांभाळ. मला वाटलं तू कॉलेजला निघालीस.

मी तो कागद दिला नाही.

वाचला त्याच दिवशी संध्याकाळी, तू परत आली नाहीस तेव्हा. अजून तोंडपाठ आहे. "पप्पा, मी आदेशशी लग्न करते आहे. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मला तुमचा शब्द मोडावा लागला असता, म्हणून न विचारता जाते. तुमचं मन दुखावलं, मिच्छामि दुक्कडम्. तुमचं उत्तर येईल तेव्हाच बेल्ह्यात पाऊल ठेवीन, तोवर नाही. टीना."

त्या वर्षीच्या संवत्सरीला पप्पा जैन स्थानकातून वर्षाचं प्रतिक्रमण करून आले, बाईसमोर हात जोडले, माझ्यासमोर जोडले, दुकानातल्या चांगदेवसमोरही जोडले. माझ्या खिशात कागद होता. आपण मारलेल्या प्रत्येक गोळीची माफी तू आणि मी त्याच दिवशी त्याच जागी मागायचो, मी चुकून तुझा रणगाडा उडवल्याचीसुद्धा, आणि हसत हसत द्यायचो. मला ठाऊक होतं की हा कागद पप्पांच्या हातात पडला की ते माफ करतील. त्या दिवशी हात जोडून मागणाऱ्याला ते नाही म्हणूच शकत नाहीत. तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू तो दिवस निवडलास. आणि मला माहीत होतं, म्हणून मी दिला नाही. तू आम्हाला सोडून जावंस आणि तुला लगेच माफीही मिळावी, हे मला सहन होईना. वाटलं, आठ दिवस तिलाही बसू दे भिंतीला टेकून. मग देऊ.

आठ दिवसांनी देणं अवघड झालं. महिन्याने त्याहून अवघड. पप्पा म्हणायला लागले की ती शब्द न ठेवता गेली, त्यानंतर तर जमण्यासारखंच राहिलं नाही. मी पिवळ्या कॅसेटचे चार स्क्रू काढले, आत कागद ठेवला आणि स्क्रू घट्ट केले. कॅसेटमध्ये जागा होतीच.

हा सोमवार, एक तारीख. पर्युषणाचा पाचवा दिवस. झुंबरबाई लुगडं बघत होती. रंग पसंत पडेना. मग एकदम पप्पांना म्हणाली, "केवलशेट, रागावू नका. पोरीनं हात जोडून चिठ्ठी धाडली व्हती तुमाला. आठ वर्सं झाली. हो न्हाई तर न्हाई, जबाब तरी द्यायचा व्हता वो."

पप्पा म्हणाले, कसली चिठ्ठी?

झुंबरबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मीटरपट्टीने कापड मोजत होतो आणि तिसऱ्यांदा तेच मोजत होतो. ती गेल्यावर पप्पांनी मला विचारलं, तुला काही माहीत आहे का? मी म्हणालो, नाही. पर्युषणात उपासाच्या माणसाशी खोटं बोलणारा आपल्या घरात मी पहिलाच असेन. तू रणगाड्यांचं खोटं निदान दिवाळीत बोलली होतीस.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तीन दिवस त्यांनी दुकानात नेहमीसारखं काम केलं. फक्त प्रत्येक वेळी पोस्टमन आला की मान वर करून बघायचे. आठ वर्षांपूर्वीचं पत्र आज येईल असं त्यांना वाटत होतं की काय कुणास ठाऊक. मला ते बघवेना. हे मी आधी इतक्या वेळा पत्र लिहूनही तुला सांगितलं नाही, पण मला ते खरोखर बघवेना.

काल संध्याकाळी प्रतिक्रमण झालं. पप्पा घरी येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. मी हात जोडले नाहीत. आतून कॅसेट आणली, त्यांच्यासमोर बसून चार स्क्रू काढले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचला. मग कागद उलटा केला. मागे तू काढलेला नकाशा आहे, तुला आठवतं का? रणगाड्यांसाठी आपण स्वतः मैदान बांधायचो, वीज गेली की ते पुसलं जायचं, म्हणून तू चौकटीत काढून ठेवायचीस. तो बेल्ह्याचा आहे. वर बैलबाजार, डावीकडे ओढा, स्थानक, एसटी स्टँड, आणि खाली मधोमध पाखराच्या जागी आपलं घर. पप्पांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. हे आपलं का, म्हणाले. मी हो म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, का नाही दिलीस? मी खरं सांगितलं, की तुम्ही लगेच माफ केलं असतंत म्हणून. पप्पा म्हणाले, "केलंच असतं. त्यासाठीच तर तो दिवस असतो."

मला वाटलं होतं मारतील. मारायला हवं होतं. मी त्यांच्या पायाशी डोकं ठेवून माफी मागितली, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्याकडून दिली. पण माझ्याकडची काय घेऊन बसलास? जिची चिठ्ठी अडवली तिच्याकडे माग." बाई दारात होती. तिने तुझं नाव मोठ्याने घेतलं, दोनदा. आठ वर्षांनी बाईच्या तोंडून ते नाव ऐकलं, ताई, आणि मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी पप्पा कॅसेट हातात घेऊन बसले होते. मला म्हणाले, पाखराचा गेम हाच ना? मग म्हणाले, "ती म्हणाली व्हती रिकामे असतात. रिकामा रणगाडा कुठं चालतो व्हय? मला काय कळत नव्हतं? पण बाकीच्या खेळात तुमी एकमेकाला मारत व्हता. ह्याच्यात एका बाजूनं व्हता दोघं. म्हणून म्हणलं, खेळू दे."

ते बोरीला येणार म्हणतात. आजच निघाले होते. मागितलेली माफी आठ वर्षं द्यायची राहिली आहे, ती पोस्टाने देणार नाही, हातानेच देणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी ताईला विचारतो. दार तिचं आहे.

तर आता. तू दिलेला कागद मी अडवला. तुझा बाप तुझ्यावर रुसलेला नव्हता, त्याला तुझा शब्दच पोचला नव्हता, आणि मी ते आठ वर्षं रोज बघितलं. जाणूनबुजून. अजाणतेपणी काहीही नाही. मिच्छामि दुक्कडम्.

संयम


बोरी बुद्रुक
९ सप्टेंबर २००८

संयम,

पत्र काल मिळालं. तुझी आधीची सगळी पत्रंही वाचलेली आहेत, डब्यात आहेत. पप्पांनी उत्तर दिलं नाही आणि तू मात्र दर वर्षी गेमबद्दल लिहितोस, याचा मला फार राग यायचा. आता कळलं. राग कमी झालेला नाही, फक्त पत्ता बदलला.

पुढच्या मंगळवारी तिघं या. आमचे मामंजी, हौशीराम, गाडी घेऊन बेल्ह्याला येतो म्हणत होते. मी सांगितलं, राहू द्या, पप्पा एसटीनेच येतील. जेवण पाचला होईल, दिवस मावळायच्या आत. चातुर्मास मी विसरलेले नाही. कांदाचाळीत कांदा भरलेला आहे, घराला वास येतो, त्याला इलाज नाही, पण पप्पांच्या ताटात येणार नाही. सासूबाईंनी दोन पातेली चिंच लावून वेगळी घासून ठेवली आहेत. बाईला सांग, अक्षदा तिच्यावरच गेली आहे. झुंबरबाई खरं बोलते.

गेम आण. दोन्ही रिमोट आण. आदेश अडॉप्टर बघून ठेवतो. अक्षदाने विचारलं की रणगाड्यात माणूस असतो का, तर पप्पांना उत्तर देऊ दे. आणि भिंतीला टेकून यंदा मी बसेन.

तुझं मिच्छामि दुक्कडम् पोचलं. त्याचं उत्तर या पत्रात नाही. माझं तू आठ वर्षं ठेवलंस, तुझं मी आठ दिवस ठेवते. मंगळवारी ये आणि घेऊन जा.

टीना